आधी आडवी करा

टेलरबाईंच्या दिराला एकच गोष्ट झकास जमायची, ती म्हणजे दुसऱ्याला अक्कल शिकवणं. बाईंनी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मोटारसायकल शिकून परवाना काढला आणि पहिली गाडी घ्यायला गेल्या, तर शोरूममध्ये हा गडी त्यांच्याही आधी हजर! नवरा बोटीवर कामाला, सहा-सहा महिने घरी नाही. फोनवर त्याचं एकच पालुपद, "भाऊला विचारून घे." अरे, चालवणार कोण? भाऊ?

बाई हॉस्पिटलातल्या नर्सेसचे आणि हॉटेलांतल्या वेटरांचे गणवेश शिवत. मापं घ्यायला गावभर हिंडावं लागे आणि आजवर हिंडवायचा तो हाच दीर. तासतासभर ताटकळत ठेवायचा, वर उपकार केल्याचा आव. तेही बाईंनी गिळलं असतं. पण गेल्या वर्षी एका वळणावर त्याची ती धूड गाडी घसरली आणि बाईंचा पाय तिच्याखाली अडकला. हा उठला, कपडे झटकले आणि आधी गाडीची टाकी पुसून बघायला लागला. "ओरखडा आला हो!" गाडी त्याला एकट्याला उचलेना. चार माणसं गोळा होईपर्यंत बाई रस्त्यात तशाच पडून. पुढे तीन आठवडे शिलाई मशीन बंद. या माणसाच्या मागे पुन्हा म्हणून बसायचं नाही, हे बाईंनी तेव्हाच ठरवलं.

शोरूममध्ये दिराने सगळ्यात मोठ्या गाडीवर थाप मारली. "वहिनी, हीच घ्या. गाडीला वजन पाहिजे."

"साहेबांना गाड्यांतलं कळतं," विक्रेत्याने री ओढली.

"मग साहेबांनाच विका." बाईंनी पर्समधून टेप काढली. आधी सीटची उंची मोजली, मग गिऱ्हाइकाच्या पँटची घ्यावी तशी स्वतःच्या पायाची आतली लांबी. मोठी गाडी तिथेच बाद. मापात बसणाऱ्या दोनच उरल्या.

"आता या आडव्या करा."

"म्हणजे?"

"जमिनीवर झोपवा. मला उचलून बघायचीय."

विक्रेत्याचा चेहरा खर्रकन उतरला. दीर तर नुसता फणफणला. "वहिनी, लोक बघतायत! गाडी चालवायची असते, उचलायची नसते."

"हे तुम्ही सांगताय? तुम्ही?" बाईंचा आवाज असा चढला की मॅनेजर केबिनमधून धावत आला. अखेर त्याने त्याच मॉडेलच्या, चालवून बघायला ठेवलेल्या दोन गाड्या मागवल्या आणि पुठ्ठे अंथरून आडव्या करवल्या. पहिली काही केल्या हलेना. दुसरीचं बाईंनी हँडल वळवलं, तिच्याकडे पाठ करून कंबर सीटला टेकवली आणि गुडघ्यांवर जोर दिला. उठली! खात्रीसाठी अजून दोनदा उचलली.

"हीच द्या."

"खेळणं आहे हे," दीर म्हणाला.

गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशी हा न बोलावता आपल्या धुडावर बसून सोबत निघाला. पहिल्याच वळणावर वाळू होती. बाईंनी घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि धाडकन आडव्या!

"पडलात ना? सांगितलं होतं!" तो पुढे जाऊन थांबला, पण उतरला नाही. बाईंनी गयावया करावी, 'भाऊजी, या ना' म्हणावं, म्हणून हाताची घडी घालून बसून राहिला मेला. मागे टेम्पोवाला हॉर्न बडवत होता. बाईंनी आधी सोलवटलेलं कोपर बघितलं, दोन्ही पाय हलवून बघितले. मग इंजिन बंद केलं, हँडल वळवलं, गाडीकडे पाठ केली. पहिल्या झटक्याला निसटली. दुसऱ्याला उभी राहिली.

"वहिनी, टाकीवर ओरखडा आलाय!"

"येऊ दे. माझा आहे तो," बाई म्हणाल्या आणि गाडीवर बसल्या. "तुमचं धूड बाजूला घ्या, भाऊजी. नर्सेस मापासाठी थांबल्यात."