हेद्वा आणि भावाकडची दिवाळी

आमच्या घराण्यात कुणाला काही अडलं की मला विचारतात, असा माझा समज आहे. प्रत्यक्षात कुणी विचारत नाही, मीच सांगतो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी एक शब्द अर्थासकट टाकतो आणि खाली कुणाचा अंगठा उमटतो का, ते बघत बसतो.

त्या दिवाळीत मला ‘हेद्वा’ सापडला. बायबलच्या जुन्या हिब्रूत आनंदाला पुष्कळ शब्द. हा त्यातला दुर्मिळ. वाटून घेतलेला आनंद, असा अर्थ काही जाणकार लावतात. आणि तो येतो रडणाऱ्या लोकांच्या गोष्टीत. त्यांना सांगितलं जातं, रडणं पुरे, गोडधोड खा, आणि ज्यांच्या घरी काही केलेलं नाही त्यांना वाटा पाठवा.

मला लगेच अमडापूरचा थोरला भाऊ आठवला. पावसाळ्यात वहिनी गेल्या, त्यामुळे वर्षभर त्याच्याकडे सणाची कढई चढणार नव्हती. त्यातच पुतणीला नर्सची नोकरी लागली. पेढे सोडाच, तिनं शेजारीसुद्धा सांगितलं नाही. “यंदा या घरात खुशी नाही,” बापानं बजावलं होतं. पोरगी चुकून हसली तरी लगेच गप्प व्हायची.

मी चिखलीहून मोटरसायकल हाणली आणि ओसरीवर बसून भावाला हेद्वा समजावू लागलो. वाटा पाठवण्यापर्यंत आलो, तशी पुतणी म्हणाली, “काका, तुमचा डबा कुठी हाय?”

दुखवट्याच्या घरी पहिल्या सणाला नातेवाइकांनी तळण न्यायचं असतं. त्याशिवाय त्या घराचं तोंड गोड होत नाही. बायकोनं डबा भरून दारातच ठेवला होता. मी तो ओलांडून आलो होतो.

“कोरडाच आला बे तू?” भाऊ हसला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि तेही मला.

दुपारच्या एसटीनं बायको डबा घेऊन आली. “यायले शब्द पुरते, भाऊजी. आपल्याले करंजी लागते.”

भावानं करंजी बराच वेळ नुसती हातात धरली. मग मोडून अर्धी पोरीला दिली. तिनं ती परत त्याच्यापुढं केली.

“खाय न. मंग मागच्या बोळीतल्या म्हातारीकडं थोड्या नेऊन दे. तिच्याकडंबी यंदा कढई नाही.” त्यानं ताटलीत चार करंज्या काढल्या. “आन सांग तिले, नोकरी लागली म्हून.”

पुतणीनं ताटली झाकली, चपला घातल्या. म्हातारीला हेद्वाचा अर्थ नीट कळावा म्हणून मीही उठलो. बायकोनं शर्टाला धरून खाली बसवलं.

“बसा. तिची बातमी हाय, तिले सांगू द्या.”