महिपतरावांची जादा श्वासनळी

आमच्या कोपरीत गावदेवीच्या पालखीपुढे शंख फुंकण्याचा मान वंशपरंपरेने मिळत नाही. जत्रेपूर्वी देवळात जो एका दमात सर्वाधिक वेळ शंख फुंकेल, त्याला तो मिळतो. कित्येक वर्षे तो महिपतरावांकडे आहे. मिठागरांच्या जागी इमारती आल्या, महिपतरावांना बसल्या जागी घरभाडे मिळू लागले. परंतु स्वतःच्या छातीवर कमावलेली हीच एक गोष्ट, असे ते स्वतःच सांगतात.

यंदा जिन्यावरून घसरल्यामुळे त्यांच्या छातीचा स्कॅन करावा लागला. बरगड्या शाबूत होत्या. मात्र श्वासनळीला उजवीकडे, नेहमीच्या फाट्याच्या वर, एक जादा फाटा आढळला.

"जन्मापासूनचा आहे, त्रास काही नाही. विसरून जा काका," माजिवड्याच्या डॉक्टर निशा म्हणाल्या.

विसरतील ते महिपतराव कसले! संध्याकाळपर्यंत सर्व कोपरीला वार्ता कळली होती. "तुम्हाला दोन फाटे, आपल्याला तीन! देवाने बनवताना हात सैल सोडलेला!"

दरवर्षी दुसरा येणाऱ्या परशुरामने ताबडतोब हरकत घेतली. "मी एका इंजिनावर, हा दोन इंजिनांवर! याला बाद करा." देवस्थान समितीचा अध्यक्ष या नात्याने मी ती हरकत विचारार्थ स्वीकारली, काहीशा आनंदानेच, हे मान्य करतो.

"फिरा अजून गावभर सांगत," गंगुबाई नवऱ्यावर कडाडल्या. "मान गेला की त्या नळीची बासरी करा!"

देवळात सर्वांसमक्ष मी विचारले, "महिपतराव, या फाट्यामुळे आपणांस अधिक हवा मिळते काय?"

होय म्हणावे तर मान जाणार, नाही म्हणावे तर मिजास. त्यांनी शंखाकडे पाहिले, गंगुबाईंकडे पाहिले आणि पुटपुटले, "नाही."

"मोठ्याने बोल की रे!" परशुराम.

"नाही मिलत! डॉक्टरीण बोलली, फुप्फुस तेच, फक्त रस्ता वेगला. माझी छाती तुझ्यासारखीच. झालं समाधान?"

हरकत फेटाळली गेली आणि लगेच स्पर्धा सुरू झाली. परशुराम फुंकता फुंकता लालबुंद होऊन ठसकला. महिपतरावांचा शंख मात्र थांबेना, अखेर पुजाऱ्यानेच हात जोडले.

दुसऱ्याच दिवशी परशुराम माजिवड्याला जाऊन स्कॅनचा हट्ट धरून बसला. काही होत नसताना स्कॅन करीत नाहीत, असे सांगून डॉक्टरांनी त्याला परत पाठवले.

हल्ली तो जिना उतरताना कठडा धरत नाही, अशी त्याच्या पत्नीची, सखुबाईंची, समितीकडे तक्रार आली आहे.