शेवटच्या पंगतीला

मेलबर्नला निघाले त्या दिवशी कळव्याच्या घरी सगळी चुलत-मावस मंडळी जमली होती. आमच्याकडे पाहुणे आधी जेवतात. घरचे वाढतात आणि शेवटच्या पंगतीला बसतात. त्या दिवशी आई म्हणाली, "हिला आधी वाढा, हिची टॅक्सी यायचीय." पहिल्या पंगतीचा मान मिळाला म्हणून मी खूश. आता वाटतं, पाहुणी व्हायला मी तिथूनच सुरुवात केली.

तिकडे मी मजेत आहे, खोटं कशाला सांगू. नोकरी आहे, घर आहे, बॅकयार्डात कढीपत्ता आहे. वीकेंडला मित्रमंडळी जमतात, जो तो आपला डबा आणतो आणि आपलं आपण वाढून घेतो. पोट भरतं, पण कुणी कुणाला वाढत नाही.

यंदा कोलशेतला, चुलतभाऊ नीलेशच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आमचा सगळा गोतावळा जमला. स्वयंपाक केटररचा, पण वाढणार आणि मागचं आवरणार घरचेच, ही काकूची अट. मी ओढणी खोचून पुढे झाले, तर नीलेश म्हणाला, "अगं, तू बस ना. जेट लॅग असेल तुला. बाटलीचं पाणी पण ठेवलंय तुझ्यासाठी." इतक्या प्रेमाने म्हणाला की रागावताही येईना. पण आज त्या ताटावर बसले असते, तर पुढे दरवेळी मला तिथेच बसवलं असतं.

मी सरळ कोशिंबिरीचं पातेलं उचललं आणि वाढत सुटले. पाच-सहा ताटं झाली असतील, तोच मागून काकूचा आवाज आला. "अगं ए, कोशिंबीर उजवीकडे कुठे वाढतेस? तिकडे जाऊन डावं-उजवं विसरलीस काय? कोणी शिकवलं गं तुला?"

तिनेच शिकवलं होतं. अख्खा हॉल हसला, माझे कान लाल झाले आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पाहुणीला कुणी चारचौघांत असं झापत नाही.

माझ्यासारखे लांब गेलेल्यांनो, घरी जाल तेव्हा आधी वाढायला उभे राहा. चुकलात तर उत्तमच. आणि इथे राहिलेल्यांनो, आम्हाला एवढं जपू नका. जिथे आपली पाळी शेवटी येते, तेच माझ्या लेखी घर.

आमची पंगत बसली तेव्हा पुऱ्या गार झाल्या होत्या आणि श्रीखंड जवळजवळ संपलं होतं. काकू माझ्या शेजारी टेकली. पातेलं निपटून निघालेलं चमचाभर श्रीखंड तिनं न विचारता माझ्या ताटात घातलं आणि म्हणाली, "आटप लवकर. भांडी घासायचीत आपल्याला."