पाहुण्यांना मोकळं घर

मेढ्याच्या वर डोंगरात आमची वाडी. इथली पोरं कोकणात समुद्राकाठच्या हॉटेलांत राबायची. राहीबाईचा मुलगा कृष्णात तिथंच वाढप्या होता. कोरोनात हॉटेलं बंद पडली आणि सगळी पोरं घाट चढून घरी आली. तेव्हा पर्यटकांच्या सहली ठरवणाऱ्या मेढ्याच्या राजेश्वरीनं वाडीत बैठक घेतली. म्हणाली, आता लोक किनाऱ्यावरच्या गर्दीला बिचकतील, त्यांना पैसे घेऊन आपल्या घरात उतरवू. चार घरं तयार झाली. त्यांत राहीबाईचं एक.

तिच्या न्हाणीची भिंत मी बांधली. दगड कृष्णातनं ओढ्यातून वाहिले, चिखल तिनं तुडवला. काम चोख झालं. हॉटेलं उघडली तसा कृष्णात बायकोमुलं घेऊन परत गेला. राहीबाई एकटी राहिली. घरात माणूस दिसावं, एवढ्यासाठीच तिला पाहुणे हवे होते. गिलावा चालू असताना तिनं मला हे सांगितलं होतं.

पहिले पाहुणे पुण्याचे. तिनं झऱ्यावरून पाणी आणलं, घर सारवलं, नाचणीच्या भाकरी थापल्या. ताटं वाढली आणि दाराबाहेर उभी राहिली. पाहुण्यांच्या पंगतीला घरच्या बाईनं बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. रात्री त्यांना अंथरुणं घालून दिली आणि घोंगडं घेऊन स्वतः गोठ्यात गेली. पाहुण्याला घर मोकळं करून द्यायचं, हीसुद्धा रीतच. पुढच्या पाहुण्यांनाही तिनं असंच केलं.

मग राजेश्वरी वर आली. जेवण चांगलं, जागा स्वच्छ, पण घरात कुणी नव्हतंच, मग हॉटेल काय वाईट होतं, असं पाहुणे म्हणाले होते. असंच चाललं तर पाहुणे दुसऱ्या घरी द्यावे लागतील, असं तिनं सांगितलं.

 राहीबाई म्हणाली, "मला वाटलं, त्यास्नी माजी अडचण हुईल."

"काकू, त्यांना तुमचीच तर सोबत पाहिजे."

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय? मी थंडीत म्हशीसंगं कुडकुडत हुते."

दिवाळीनंतर नवरा-बायको आणि त्यांची शाळकरी मुलगी आली. राहीबाईनं चौथं ताट मांडलं. पण बसवेना. सारखी वाढायला उठायची, मुलगी पदर धरून खाली बसवायची. दुसऱ्या दिवशी मुलीनं चुलीपुढं बसून भाकरी थापली. मधोमध फाटली. ती राहीबाईनं आपल्या ताटात घेतली. दोन दिवस त्या घरातून बोलणं ऐकू येत होतं. वाटेनं जाताना मी पाय हळू टाकले.

निघताना तिनं त्यांची जड पिशवी स्वतः डोक्यावर घेऊन जीपपर्यंत उतरवली. मुलगी म्हणाली, "आजी, परत या म्हणा की."

"न्हाई म्हनत, बाय. म्हनलं की वाट बघाय लागतीया."

जीप वळणाआड जाईपर्यंतही ती थांबली नाही. वर आली आणि अंथरुणं उन्हात टाकायला लागली.