दत्ताचा डाव, मी न पाहिलेला

वहिनींचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात होतो. ‘‘भाऊजी, हे गेले...’’ एवढंच. त्या क्षणी पहिलं काय मनात आलं, ते सांगायला लाज वाटते. आता तो डाव मला कोण दाखवणार?

दत्ता पिशोरचा. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो, पुढं नोकऱ्याही याच शहरात लागल्या. बुद्धिबळ त्यानंच मला शिकवलं. तो कायम काळ्या सोंगट्या घ्यायचा. ‘‘पांढरं पाव्हण्याला,’’ म्हणायचा. ‘सिसिलियन बचाव’ त्याचा लाडका. नावालाच बचाव, त्यात काळा सुरुवातीपासून अंगावर जातो आणि जरा चुकला की स्वतःच बुडतो.

इथल्याच एका स्पर्धेत शेवटच्या फेरीला त्याच्यासमोर पुण्याचा मानांकित खेळाडू होता. मी मागं उभा. दत्तानं एकाएकी हत्ती देऊन घोडा मारला. मला वाटलं, घोटाळा केला यानं. त्याची हार बघवणार नाही म्हणून मी बाहेर चहाला गेलो... तो आला तेव्हा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘जाऊ दे दत्ता, हार-जीत चालायचीच.’’

‘‘आरं येड्या, जिंकलो मी!’’ तो इतका हसला की चहावालाही हसायला लागला. मग जरा थांबून म्हणाला, ‘‘हत्ती दिल्यावर मी मागं पाह्यलं. तू नव्हता.’’

त्यानंतर भेटला की एकच. ‘‘बस, दाखवतो. लई मजा हाय त्यात.’’ चालींचा कागद त्यानं केव्हाच हरवला होता, डाव फक्त डोक्यात होता. मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. हर्सूलचं त्याचं घर माझ्या रोजच्या वाटेवर. वेळ नव्हता असं नाही. ज्या चालीवर माझा विश्वास बसला नाही, ती त्याच्यासमोर बसून बघायला मी कचरत होतो.

तेराव्यानंतर काही दिवसांनी गेलो. खिडकीपाशी पट मांडलेला. काळ्या सोंगट्या त्याच्या खुर्चीकडं, पांढऱ्या दाराकडं.

‘‘दर रविवारी मांडून ठेवायचे,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘तुम्ही येणार म्हणून. मला आवरवला नाही.’’

मी पांढऱ्याकडं बसलो. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढं सारलं. यावर तो ‘सिसिलियन’च खेळला असता, हे मला ठाऊक होतं. पलीकडं हात नेऊन मीच त्याचं काळं प्यादं सरकवू शकलो असतो...

वहिनींनी आतून चहाला हाक मारली. मी उठलो नाही. चाल त्याची होती.