चाकांवरचं घर आणि कांदेपोहे

आता माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकायची तर आधी चहाचा कप हातात घ्या, आणि मधेच "असं कसं झालं हो?" म्हणून विचारू नका. कसं झालं ते मलाच अजून कळलेलं नाही. मी चौथी शिकलेली बाई. पण भाजीवाला असो की साहेब, आजवर कुणापुढे मान खाली घातली नाही. घातली ती एकदाच. ती अशी.

आमच्या ह्यांचं काम ओमानात जनरेटर दुरुस्तीचं. आज सोहार, उद्या सूर. भाड्याची खोली घ्यायची आणि तिथे राहायचं नाही, असं किती दिवस करणार? शेवटी ह्यांनी एक जुनी कॅरवान घेतली, पिकअपच्या मागे जोडायची. तेव्हापासून तेच आमचं घर. आत शेगडी आहे, पलंग आहे, न्हाणीघर आहे, देव्हारासुद्धा आहे. वळणावर देव्हारा हाताने धरावा लागतो, एवढंच.

मला त्यात कधी लाज वाटली नाही. वाटली ती लेकीचं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा.

सायली आमची बौशरला ऑफिसात. तेव्हा तिथेच मैत्रिणींबरोबर राहायची. तिने आपलं आपण ठरवलेलं. मुलगा चांगला, दार्सैतला राहणारी पुण्याची माणसं. पण मुलाच्या आईने, सुधाताईंनी, विचारलं म्हणे, "गाडीत राहतात म्हणजे नेमकं कसे राहतात गं?" सायलीने ते मला सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, आण त्यांना. बघू देत नेमकं.

लगेच ह्यांना कामाला लावलं. सीबच्या वर्कशॉपमध्ये कॅरवान नेऊन नवे पडदे, नव्या गाद्या, खाली नवी फरशी, सगळं करून घ्यायला सांगितलं. तोवर मी लेकीकडे. शुक्रवारी दुपारी हे कॅरवान समुद्रावर आणून लावणार, मी पुढे जाऊन पोहे करणार, संध्याकाळी पाहुणे येणार. जागा कुठली? तर मासेवाल्यांच्या शेडच्या टोकाला. शेडला दोन टोकं असतात हे ह्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

टॅक्सीतून उतरले तर समोर पांढरी कॅरवान. आमचीच. तोच आकार, तोच पत्रा, दाराची कडीसुद्धा नुसती ओढलेली. पिकअप नव्हती, म्हटलं पाणी आणायला गेले असतील. फोन लावला तर बंद. ह्यांचा फोन कामाच्या वेळी बंदच असतो.

आत गेले आणि बघतच राहिले. काय ते पडदे! लालभडक, सोनेरी गोंड्यांचे. बसायला जमिनीलगत गाद्या, त्यावर लोड. उदाचा घमघमाट. देव्हारा दिसेना. म्हटलं, रंगकामात पेटीत ठेवला असेल. माझा कुकर दिसेना. त्याच्या जागी लांब चोचीची पितळी कॉफीची किटली. आता बोला! माझा बावीस वर्षांचा कुकर काढून ह्या माणसाने शोभेची किटली आणली! आज पाहुणे आहेत म्हणून गप्प बसते, मनात म्हटलं, रात्री बघते.

तुम्ही म्हणाल, बाई, तुला आपलं घर ओळखता येईना? अहो, नवं करायला दिलेलं घर नवंच दिसणार ना? मला तर उलट वाटलं, कामगार चांगले मिळाले.

दुसऱ्याच्या कढईत पोहे फोडणीला टाकले. खोबरं, कोथिंबीर, लिंबू, सगळं बरोबर आणलेलं. तेवढ्यात सायली, तो मुलगा आणि त्याचे आईवडील आले.

सायलीने आत डोकावून हळूच विचारलं, "आई, हे आपलंच आहे ना?"

"तुझ्या बापाने सगळं बदललंय. तू आत ये आणि हसत बस."

सुधाताई लोडाला टेकल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. म्हणाल्या, छान ठेवलंय हो घर. झालं, मला तेवढंच पाहिजे होतं. मी सुरूच झाले. जागा लहान असली की नीटनेटकेपणा लागतो, सगळं मी माझ्या हाताने लावलंय, कुठली वस्तू कुठे आहे ते डोळे मिटून सांगेन.

त्यावर त्यांनी न्हाणीघर विचारलं. मी रुबाबात डावीकडचं दार उघडलं. आतून मासे पकडायचं जाळं माझ्या अंगावर पडलं.

"ह्यांचा नवा छंद," मी म्हटलं, आणि जाळं पायाने आत ढकललं.

तेवढ्यात दारात एक म्हातारे ओमानी उभे राहिले. पांढरी दाढी, पांढरा पायघोळ डिशडाशा, हातात मासळीची पिशवी. आम्हा सगळ्यांकडे बघितलं, पोह्यांच्या बशांकडे बघितलं आणि सलाम केला. मी ओळखलंच. हे ह्यांचे अर्बाब, म्हणजे मालक. नाव रोज ऐकायचे, तोंड कधी पाहिलं नव्हतं. मालकाने नेमक्या वेळी येऊन आमची शान वाढवली, असं वाटलं.

पण शान वेगळी आणि नवी फरशी वेगळी. ते वाळूच्या पायांनी आत यायला लागले तशी मी पुढे झाले.

"बाबा, चप्पल बाहर. और पाँव पोंछो. नया फरशी है."

म्हाताऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, चप्पल काढली, पायपुसण्यावर पाय पुसले आणि कोपऱ्यात जाऊन बसले. मी त्यांच्या हातात बशी दिली. त्यांनी शांतपणे पोहे खाल्ले. मग उठून किटली शेगडीवर ठेवली. मी म्हटलं, तुम्ही पाहुणे, तुम्ही बसा. ते हसले आणि वरचा खण उघडून खजूर काढले, हलवा काढला. तो खण मला मघाशी उघडतासुद्धा आला नव्हता. सुधाताईंना न्हाणीघराचं खरं दारही त्यांनीच बोटाने दाखवलं.

मी व्याह्यांना म्हटलं, "बघा, आमचे अर्बाब किती घरच्यासारखे वागतात."

छोट्या कपांतून कॉफी फिरली. सगळे खूष. मी तर आता मुहूर्ताचंच काढणार, एवढ्यात दारात आमचे हे. घामाघूम, चेहरा उतरलेला.

"अगं, मी केव्हाचा शेडच्या त्या टोकाला वाट बघतोय. फोनची बॅटरी गेली. तुम्ही इथे कुणाच्या घरात बसलात?"

माझ्या अंगावर कुणी बर्फाचं पाणी ओतलं असतं तरी बरं झालं असतं. सायलीने तोंड ओढणीत लपवलं. हातातला डाव खाली ठेवायचा की धुऊन ठेवायचा, तेही मला सुचेना. लेकीचं लग्न माझ्यामुळे मोडलं, एवढंच डोक्यात.

हे म्हाताऱ्यासमोर हात जोडून उभे. माफी मागत म्हणाले, "आपने बोला क्यों नहीं?"

म्हातारे म्हणाले, "हमारे यहाँ मेहमान से कॉफी के पहले नहीं पूछते, क्यों आया. मैं कॉफी देने वाला था, तो इसने मुझे खाना दे दिया. फिर मुझे लगा, शायद मैं मेहमान हूँ."

सगळ्यात आधी कोण हसलं असेल? सुधाताई. अशा हसल्या की लोडावरून घसरल्या. मग म्हातारेही हसले. मी नाही हसले. मी त्यांची कढई घासत होते.

मग वरात निघाली आमच्या खऱ्या घराकडे. म्हाताऱ्यांनाही हात धरून नेलं. तिथे निळे पडदे, देव्हारा, कुकर, सगळं जागच्या जागी. फक्त खायला काही नव्हतं, पोहे तिकडेच संपलेले. आणि म्हाताऱ्यांनी काय करावं? दाराशी चप्पल काढली, माझ्याकडे बघितलं आणि एकेक पाय सावकाश, बोटाबोटांमधून पुसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

निघताना सुधाताई सायलीला म्हणाल्या, "तुझ्या आईला परक्या घरात रुळायला जेमतेम तास लागला. तुझी काही काळजी नाही." लग्न ठरलं. म्हातारे हलवा घेऊन लग्नालाही आले.

आता सायली दार्सैतला सासरी, मोठ्या इमारतीत. मी जायला निघाले की आधी तिचा फोन, "आई, नीट बघून ये हं." गेल्या महिन्यात मी जरा रागावलेच. दाराची बेल वाजवत फोनवर तिला म्हटलं, एकदा चूक झाली म्हणून जन्मभर बोलशील का? तुझ्याच दारात उभी आहे मी.

दार उघडलं. लुंगी नेसलेले एक केरळी गृहस्थ.

एवढ्या ठसक्यात बोलल्यावर परत कुठे फिरणार? आत जाऊन बसले. चहा चांगला करतात हो ते.