उजवा हात गोड्या पाण्याचा

दिवाळी उलटली की माझ्या मधल्या मुलीच्या अंगाला खाज सुटायची. कोपराच्या आतली बाजू आणि गुडघ्यांच्या मागचा भाग आधी पांढरा पडे, मग लाल होई, मग चिरे पडत. सकाळी अंथरुणावर रक्ताचे ठिपके दिसत. ती नऊ वर्षांची होती, चौथीत. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. वरवट बकालजवळच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती आणि त्या वर्गात मुली चार.

त्या हिवाळ्यात गुरुजींनी तिला ओळीतून उठवून दाराजवळ वेगळं बसवलं. मुलं बसायला घरून पोतं नेत. हिचं पोतं उंबऱ्याला लागून. गुरुजी वाईट नव्हते. त्यांना वाटलं ही खरूज आहे, आणि खरूज लागते. मलाही तेच वाटत होतं, म्हणून मी भांडायला गेले नाही. आठ दिवसांनी मुलगी म्हणाली, "माय, संक्रांतीपासून मी शाळेत नाई जात."

"काऊन?"

"दारातून फळा दिसत नाई."

फळा दिसत होता. मी जाऊन पाहून आले होते.

मुलीनं शाळा सोडली तर आमच्याकडे कुणी फार मनावर घेत नसे. घरात काम असतंच. पण एकदा सुटलेली शाळा परत धरता येत नाही, हे मला ठाऊक होतं. माझी तिसरीत सुटली. धाकट्या भावाला सांभाळायला चार दिवस म्हणून घरी थांबले, ती थांबलेच. पुढचं लिहिणं-वाचणं मी स्वतःच कसंबसं वाढवलं. तेव्हा संक्रांतीच्या आत हिची कातडी नीट करायची, एवढं मी ठरवलं.

मला याद्या करायची सवय आहे. कॅलेंडरची जुनी पानं मागच्या बाजूनं कोरी असतात, ती मी शिवून ठेवते. पहिलं पान इलाजाचं. दोन वेळा कढत पाण्यानं आंघोळ. लाल साबण, फेस येईपर्यंत. मग खोबरेल तेलात कालवलेलं गंधक. एकही दिवस मी चुकवला नाही. मुलगी गंधक लावताना दात आवळून उभी राहायची. झोंबतंय म्हणजे लागू पडतंय, असं आम्ही समजत होतो.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी मचूळ, त्यात साबणाला फेस येत नाही. फेस आला नाही म्हणजे अंग स्वच्छ झालं नाही, असं मानून माणसं आणखी साबण घासतात. सगळं गाव तसंच करतं. पिण्याचं गोडं पाणी नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं भरून आणायचं. एका घागरीला तासभर लागे. ते पाणी पिण्याला आणि डाळीला. त्यानं कुणी हातसुद्धा धूत नसे.

इलाजानं फरक पडेना, म्हणून दुसरं पान खाण्याचं केलं. एक आठवडा वांगी बंद, दुसरा आठवडा शेंगदाणे, तिसरा ताक. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या चुलीपाशी बसून हे सगळं बघत होत्या.

"आता भाकर बंद कर," त्या म्हणाल्या. "खायले दुसरं राह्यलं काय?"

मग माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं आणि मी आणि मुलगी धामणगाव बढ्याला माझ्या माहेरी गेलो. गंधकाची बाटली घरीच राहिली. लग्नघरात पाणी तापवायला नंबर लागत होते, त्यामुळे मुलीला एक दिवसाआड दोन तांबे कोमट पाणी मिळे. साबण शोधायला कुणाला सवड नव्हती. माझी आई तिच्या ओल्या अंगावरच तिळाचं तेल चोळायची. दहा दिवसांत चिरे मिटले. आई म्हणाली, "माह्या हाताचा गुण हाय." मीही तसंच समजले आणि खूश होऊन परत आले.

चौथ्या दिवशी कातडी पुन्हा फुटली.

मी नवीन पानावर दोन रकाने आखले, तिकडे आणि इकडे. थंडी सारखी. भाकरी सारखी. झंपर, परकर, गोधडी तीच. फरक चार निघाले: गंधक, साबणाच्या आंघोळी, तेल, पाणी. तिकडच्या विहिरीचं पाणी गोडं. गंधक बंद केलं, आग कमी झाली. आंघोळ एकदाच, कोमट पाण्यानं आणि साबणाशिवाय ठेवली, थोडं बरं वाटलं. तिळाचं तेल ओल्या अंगावर लावायला घेतलं, आणखी थोडं. पण चिरे राहिलेच. चौथ्या ओळीपुढे मी लिहून ठेवलं होतं: पाणी, इलाज नाही.

त्याच आठवड्यात घाईघाईत मी तुरीच्या डाळीत चुकून विहिरीचं पाणी ओतलं. आत्याबाईंनी घागरीवरूनच ओळखलं.

"खारं पाणी ओतलं तुनं? दिवस मावळला तरी दगड राहीन ते."

मी पातेलं उतरवलं आणि तशीच उभी राहिले. मग म्हणाले, "आत्याबाई, या पाण्यात डाळ मऊ होत नाही, तर पोरीची कातडी कशी होईल?"

"पोरीले शिजवाचं हाय का तुले?"

"आंघोळीपुरतं गोडं पाणी पाहिजे."

त्यांनी डाळीचं पातेलं बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "तिकडं बाया वाटीवाटीसाठी बसून राह्यल्या, अन् आपण ते मोरीत सोडाचं? गावात तोंड दाखवाचं हाय मले."

हे खोटं नव्हतं. गोड्या पाण्यानं आंघोळ करणारं घर गावात नव्हतं, आणि असं घर लोकांच्या लक्षात राहतं. मी पूर्ण आंघोळीचं सोडून दिलं आणि एक तांब्या मागितला. उजवा हात गोड्या पाण्यानं, डावा विहिरीच्या. बाकी दोन्हीला सारखंच: साबण नाही, ओल्यावर तेल. आठ दिवस. आत्याबाई कबूल झाल्या, बहुतेक मी हरेन म्हणून.

मुलीला यात मजा वाटली. ती आत्याबाईंना रोज विचारायची, "आजी, आज कोणता हात पाहुणा हाय?"

आठव्या दिवशी आत्याबाईंनी तिला समोर बसवलं आणि आपला खरखरीत अंगठा आधी तिच्या डाव्या कोपरात फिरवला, मग उजव्या. पुन्हा डाव्या. उजवीकडची कातडी लवत होती, चिरे बुजले होते. डावीकडे मुलीनं हात मागे ओढला.

"हाव. फरक हाय," त्या म्हणाल्या. "आण आणखी एक घागर. पण झिऱ्यावर तूच जाशीन, अन् आंघोळीले म्हणून सांगजो नको कोणाले."

मी पहाटे बायांची गर्दी व्हायच्या आत जाऊ लागले. संक्रांतीला नऊ दिवस उरले असताना मुलीला बसनं नांदुऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कोपर, गुडघे आणि बोटांच्या बेचक्या पाहिल्या. "हा इसब आहे. खरूज नाही, कुणाला लागत नाही," ते म्हणाले. "गंधक कुणी सांगितलं?"

"आम्हीच लावलं."

त्यांनी मान हलवली आणि सांगितलं ते मी लिहून घेतलं: साबण नको, लोकर थेट अंगाला नको, आत सुती कपडा, नखं कापलेली, तेल दिवसातून दोनदा. पाण्याचं सांगितल्यावर म्हणाले, जमत असेल तर चालू ठेवा, पण हा रोग जात नाही, दर थंडीत सांभाळावा लागेल. तेही मी लिहिलं. मग गुरुजींसाठी चिठ्ठी मागितली.

गुरुजींनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि मुलीला ओळीत बसायला सांगितलं. मी घरी आले. कुणी काही बोललं तर ती उद्या जाणार नाही, हे मला माहीत होतं. दिवसभर मी डाळी निवडल्या.

संध्याकाळी ती आली आणि पोतं कोपऱ्यात टाकलं.

"कोणी काही म्हणलं?"

"म्हणलं नाई. बाजूच्या पोरीनं पोतं सरकोलं. तिकडं."

"मग तू?"

"मी बी सरकोलं. तिच्याकडं."

"मग?"

"ती आणखी सरकली, मी आणखी सरकली. मंग भिंत लागली तिले." मुलगी भाकरीचं टोपलं उघडून आत पाहत होती. "मंग काय, लिवत बसली. मले म्हणे, तुह्या अंगाले तिळाच्या लाडवाचा वास येऊन राह्यला."

"उद्या जाशील?"

"उद्या गणिताची परीक्षा हाय," ती म्हणाली, जसं काही मी भलतंच विचारलं होतं.